गुळूचा रंग

टण्ण!

रविवारची दुपार, सगळं घर जेवून आडवं झालेलं, आणि स्वयंपाकघरात भांडं आपटलं. मी पडल्या पडल्याच म्हटलं, "यतीन, ते दुधाचं पातेलं असेल तर मुकाट्यानं खाली ठेव."

मग अगदी गरीब आवाज आला. "धुऊन देतो ना."

उठून गेले तर नवरा फरशीवर मांडी घालून बसलेला. हातात जाळी, शेजारी माझं पातेलं आणि त्यात त्याच्या सगळ्या कोरी. कोरी म्हणजे टाकीच्या तळाशी राहणारे, बोटाच्या पेराएवढे, मिशावाले मासे. हरवलेली किल्ली शोधत असल्यासारखे दिवसभर वाळू हुंगत फिरतात. मला पाहायला आला होता तेव्हा हा माणूस पूर्ण वेळ चिवड्याच्या बशीकडे बघत होता. या माशांकडे मात्र डोळ्याची पापणी न हलवता बघतो.

"कुठे निघाली वरात?"

"सांडोरला. स्टॅनीकडे सोनेरी कोरी निघाल्यात." बाहेर कुणी ऐकेल अशा भीतीनं तो कुजबुजला. "अख्ख्या वसईत कुणाकडे नाहीत. तो अदलाबदलीला तयार आहे. त्याच्या अजून अंडी देत नाहीत, आपल्या देतात."

"आणि गुळू?"

गुळू त्या पातेल्यातलाच एक. आमच्या पाच वर्षांच्या अक्षूचा. शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी ती काचेवर बोट ठेवायची, बोट सरकवायची, आणि एक काळ्या गुळाच्या रंगाचा मासा बोटामागून यायचा. तो गुळू. रोज तोच यायचा की जो मोकळा असेल तो यायचा, हे विचारायची हिंमत घरात कुणी केली नव्हती.

"हे घोळक्यानं राहतात गं. एकटा मागे ठेवला तर झुरेल," यतीन म्हणाला. "शिवाय सगळे सारखेच तर दिसतात. सोनेरी बघितले की विसरेल ती."

"विसरेल की. तुझी गोधडी आईंनी बोहारणीला दिली, ते तू विसरलास तसं."

तो ओशाळला. पण गेला.

संध्याकाळी सोनेरी मासे आले. खोटं कशाला बोलू, सुंदर होते. आमच्या टाकीतल्या काळ्या वाळूवर सोनचाफ्याच्या पाकळ्या सांडल्यासारखे. अप्पा, म्हणजे माझे सासरे, वाडीतून केळीला पाणी सोडून आले, मातीचे हात पाठीमागे धरून वाकले आणि म्हणाले, "बरे आहेत. आजारी नाहीत ना?"

अक्षू झोपेतून उठून आली. काचेवर बोट ठेवलं, सरकवलं. कुणी आलं नाही.

"गुळू कुठाय?"

"गुळू ना, स्टॅनीअंकलकडे राहायला गेलाय," यतीन म्हणाला.

"कधी येणार?"

यतीननं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"हे बघ ना बाळा, किती छान आहेत नवीन!"

"छान आहेत," पाहुण्यांशी बोलावं तसं अक्षू म्हणाली. "गुळू कधी येणार?"

त्यानंतर शाळेतून आल्यावर ती आधी चप्पल काढायला लागली. एवढी शहाणी वागलेली मला सोसेना.

इकडे सोनेरी मासे मळायला लागले. यतीननं आधी बल्बला दोष दिला, मग नळाच्या पाण्याला, मग माझ्या फोडणीला. पण मासे दिवसागणिक काळवंडत गेले आणि शेवटी भिजवलेल्या चिंचेसारखे झाले. अप्पा पुन्हा वाकले. "आता कशी तब्येत सुधारली."

मला काहीतरी सुचलं. "स्टॅनीच्या टाकीत तळाला काय आहे रे?"

"टाइल्स. बाथरूमच्या उरलेल्या. पांढ—" म्हणाला आणि यतीन मटकन खाली बसला.

तळाला राहणारा जीव. कुणाला दिसू नये म्हणून जमिनीचा रंग घेतो. पांढऱ्या फरशीवर उजळून सोनेरी, काळ्या वाळूवर काळपट. मी इतकी हसले की अक्षू धावत आली. टाकीत बघितलं आणि ओरडली, "गुळू आला!"

यतीननं माझ्याकडे आशेनं बघितलं. हो म्हण, एवढंच. मी तोंड उघडलंही होतं. पण तिनं बोट काचेवर ठेवून सरकवलं. मासे आपले वाळू हुंगत राहिले.

"हा गुळू नाहीये," ती म्हणाली. रडली नाही.

"चल," यतीननं स्कूटरची किल्ली घेतली. "आणू या त्याला."

सांडोरला केळीच्या बागेत स्टॅनीची सिमेंटची टाकी. आम्हाला बघताच तो लांबूनच ओरडला, "यतीन, चमत्कार झाला! तुझे पण सोनेरी झाले!"

यतीननं त्याला सगळं सांगितलं. स्टॅनीचा चेहरा बघवेना. त्याची बायको जुलियाना मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "त्या टाइल्स मी निवडल्यात, हां! माझ्या टाइल्सवर कुणीही उजळतो. हा माझा नवरा एवढा सोडून."

"कितीही न्या रे आता," स्टॅनी कसनुसा म्हणाला.

पण आमच्या छोट्या टाकीत आणखी एकाचीच जागा होती. आणि इथे त्याचे, आमचे, सगळे मिसळून एकाच रंगाचे झालेले.

अक्षू टाकीच्या कडेला उकिडवी बसली. पाण्यात बोट घातलं. खायला आलं असं वाटून सगळेच धावले. तिनं बोट काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा सगळेच. आम्ही चार मोठी माणसं श्वास रोखून उभी. कितीतरी वेळानं ती म्हणाली, "हा."

"नक्की ना, बाय?" स्टॅनीनं जाळी धरली.

"हो."

परतताना ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, मासा असलेली पाण्याची पिशवी छातीशी धरून. यतीन पुढून म्हणाला, "घरी गेल्यावर बघ, दोन-चार दिवसांत पुन्हा गुळासारखा होतो की नाही!" ती पिशवीवर बोट ठेवून बघत होती. उमेळ्याचं वळण आलं तेव्हा मागे मान वळवून तिनं मला विचारलं,

"आई, गुळू तिकडेच राहिला असला, तर त्याला कळलं असेल का, आपण आलो होतो ते?"