मॅनेजमेंटचं प्रॅक्टिकल
भोकरची शिवकन्या नांदेडला बीबीएच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मॅनेजमेंट हा विषय तिनं घरी भांडून घेतला होता. आज व्याख्यान होतं, ‘महिला नेतृत्व’. पवळे सरांनी सगळ्या मुलींना साड्या नेसायला लावून गेटवर ओवाळायला उभं केलं. वर म्हणाले, “हेच तुमचं प्रॅक्टिकल समजा.” पोरं पंख्याखाली बसून होती.

पाहुणे आले ते दुपार कलल्यावर. मग शाल-नारळाची तबकं घेऊन मुली स्टेजवर मागं उभ्या राहिल्या. संस्थाचालकांच्या मेव्हण्याचाही सत्कार झाला, काय कर्तृत्व ते देवच जाणे. शिवकन्यानं जड तबक एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं.

“अजून किती गं?” तिनं शेजारच्या आरतीला विचारलं.

“गप ऱ्हा. मार्क सरांच्याच हातात हायेत.”

पाहुण्यांना घाई होती, म्हणून उरलेले सत्कार भाषणानंतर करायचे ठरले. तबकं मुलींच्या हातातच राहिली.

“मॅनेजर कोण होणार? हात वर करा!” पाहुण्यांनी विचारलं. पोरांचे हात वर गेले. पाहुण्यांनी मागं वळून मुलींकडं पाहिलं. “बघा, एकीचाही हात वर नाही. आत्मविश्वासच नाही!”

शिवकन्यानं तबक सोडून दिलं. नारळ गडगडत पाहुण्यांच्या बुटापाशी थांबला तेव्हा तिचा हात वर होता.