सिविल झालं नव्हतं

"सून, ती पट्टी घरात येऊ देऊ नको," जमुनाबाई म्हणाल्या होत्या. "आज चोरामागं धाडतील, उद्या आपल्याच माणसाच्या दारात उभं करतील."

विद्यावती हसली होती. ती कॉलेजात शिकलेली. सासूच्या डोक्यात अजून मळ्यावरच्या गोऱ्या साहेबाचे शिपाई बसलेत, असं तिला वाटलं. आजे-पणजे समुद्र ओलांडून उसाच्या मळ्यांत राबायला आले त्या या बेटावर दंगल उसळून वर्ष झालं होतं, चौकीनं प्रत्येक गावातून स्वयंसेवक मागितले होते, आणि तिचा नवरा चंद्रमोहन, शाळामास्तर, पहिल्या फळीत उभा राहिला. स्वयंसेवकाची दंडावरची निळी पट्टी सैल होती. तिनंच टाके घालून ती बेताची केली.

शनिवारी सकाळी ती फराटे, म्हणजे पराठे, लाटत होती. पाळण्यातल्या लेकीचं, इंद्राणीचं अंग रात्रीपासून कोमट लागत होतं, म्हणून दर फराट्यामागं तिचा हात पोरीच्या कपाळाला जात होता. चंद्रमोहन पट्टी बांधत होता.

"भरदिवसा गस्त?"

"सर्जंट आलाय. प्रधानानं तक्रार केलीय. एक घर मोकळं करायचंय."

"कुणाचं?"

त्यानं चहाचा घोट घेतला. "कुंतीचं."

लाटणं थांबलं. कुंती म्हणजे परशुरामाची बायको. गेल्या तोडणीत परशुराम उसाच्या लॉरीखाली गेला. त्याचा थोरला भाऊ जयराम, समाजाचा प्रधान, देवळातला पहिला मान त्याचा. परशुरामानं कॅरोल वादळानंतर पत्रा पत्रा जोडून बांधलेलं घर आता जयरामला स्वतःच्या मुलासाठी हवं होतं.

"ती परशुरामाची विधवा आहे."

"कायद्यानं नाही. सिविल झालं नव्हतं त्यांचं."

आमच्यात हे असंच चालतं. भटजीनं मंगलाष्टकं म्हटली, पंगत उठली, की लग्न झालं. सरकारी कचेरीत सही करायची ते सिविल, ते मग बघू. मुलगी पंधराची आहे, मग बघू. सून नांदते का ते कळू दे, मग बघू. पोर होऊ दे, मग बघू. तोवर कायद्याच्या लेखी ती बायको नव्हे, घरात ठेवलेली बाई. तिचं पोर बापाचं नव्हे. आणि हे ज्यांना पक्कं ठाऊक असतं, तेच मांडवात अक्षता वाटत फिरतात. परशुरामाच्या लग्नात अंतरपाट जयरामनंच धरला होता.

विद्यावतीनं पोर खांद्याला घेतलं आणि निघाली.

कुंतीच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. कुंती दाराच्या चौकटीत बसलेली, मुलगा तिच्या पाठीशी.

"ऊठ गो," जयराम म्हणाला. "तमाशा पुरे. माझ्या भावाच्या घरात कोण तू?"

"भावजी, तुमच्याच हातानं आणलंत मला."

"आणलं ते नांदायला. नवऱ्याला खायला नव्हं," गर्दीतून चंपा म्हणाली. बायका हसल्या.

विद्यावती जाऊन कुंतीशेजारी उंबऱ्यावर बसली. चंद्रमोहनचा चेहरा उतरला. "घरी जा. पोरीला ताप आहे."

"आहे. हिला इथनं हलवाल तर आम्हालाही हलवा."

सर्जंट वयस्क क्रिओल, म्हणजे बेटावरच्या आफ्रिकी वंशाचा माणूस होता, त्याला मराठी कळत नव्हतं. त्यानं चंद्रमोहनला विचारलं, "तो फाम सा?" तुझी बायको का ही?

"वी, सर्जंट." होय.

"नाही," विद्यावती त्याच्याच बोलीत म्हणाली. "कायद्यानं नाही. सिविल आमचंही झालेलं नाही. ही जर या घरात बाहेरची, तर मी त्याच्या घरात कोण?"

हसणं थांबलं. अंगणातल्या किती बायकांनी मान खाली घातली, ते पाहायला हवं होतं. चंपानंही घातली.

सर्जंटनं टोपी काढून घाम पुसला. कोर्टाचा हुकूम आणा, म्हणाला, तोवर मी बाईला रस्त्यावर काढत नाही. आणि निघून गेला.

इथं गोष्ट संपली असती तर वाचायला बरं वाटलं असतं. जयरामला कोर्टातून हुकूम मिळाला. कायदा त्याच्याच बाजूचा होता. दरम्यान गावानं कुंतीशी बोलणं टाकलं, गणपतीच्या आरतीला तिच्या मुलाला मागं ढकललं. एका सकाळी ती पोराला घेऊन मळ्याच्या कँपातल्या, मजुरांच्या चाळीतल्या एका खोलीत राहायला गेली. जमुनाबाई तिची भांडी डोक्यावर घेऊन वेशीपर्यंत गेल्या. बाकी कुणी गेलं नाही. चंद्रमोहन रस्त्याच्या कडेला उभा होता, दंडावर पट्टी. हुकुमाचं पालन होतंय ना, एवढंच त्याला पाहायचं होतं.

कुंती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तो विद्यावतीला सिविल कचेरीत घेऊन गेला होता. घाईत सही केली. बाहेर पडताना म्हणाला, "झालं ना आता तुझं?"

सही दोघांची, आणि तो म्हणाला 'तुझं'; ते तिला बरेच दिवस सलत राहिलं. मग एके दुपारी पोर कडेवर घेऊन ती चौकीत गेली. मलाही स्वयंसेवक व्हायचंय, म्हणाली. सर्जंट हसला. बायकांना पट्टी देत नाहीत.

"पट्टी नको. गावात कुणाचं सिविल राहिलंय ते मी विचारत फिरेन. कुणी मला मारायला उठलं, तर तुम्ही यायचं."

सर्जंटनं तिचं नाव वहीत लिहून घेतलं. "येईन," म्हणाला.

ती फिरते आहे. दारं तोंडावर लागतात. "मास्तरीण आली, संसार मोडायला," म्हणतात. एकदा कुणी अंगावर भांड्यांचं खरकटं पाणी ओतलं. रात्री ती पोरीच्या पाळण्याशी बसून दाराची कडी दोनदा तपासते. तिला भीती वाटते. ती तरी जाते. आतापर्यंत तीन सुनांनी कचेरीत सही केली. चंपाची सून त्यातली एक. चंपा स्वतःच तिला घेऊन गेली, कुणाशी न बोलता.

पण विद्यावती एकच आहे, आणि तिचे पाय तिच्या गावापुरते. हे वाचणाऱ्या बाई, तुमच्या भिंतीपलीकडं गेल्या वैशाखात एक सून आली. तिच्या लग्नात तुम्ही जेवलात. तिचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला? सासू दुकानात गेली असेल अशा वेळी जा. काही उसनं मागायच्या निमित्तानं जा. तिला एकटीला गाठा आणि हळूच विचारा, सही झाली का ग तुझी.