आधी तू दे रक्त

वहिनी गाडी चालवायला शिकवायची. घाबरट माणसाला भर रस्त्यात स्टिअरिंगवर बसवून स्वतः शेजारी निवांत बसणारी ही बाई, सुई दिसली की मात्र पांढरीफटक पडायची.

तिची नणंद प्रयोगशाळेत कामाला होती. घरात सगळे तिला चिऊ म्हणत. पन्नाशी आली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. स्तनाचा कॅन्सर, गाठ हाताला लागायच्या आधीच रक्तातल्या खुणांवरून ओळखता येईल का, यावर तिथे संशोधन चाललं होतं. तुलनेसाठी धडधाकट बायकांचंही रक्त हवं होतं. चिऊने शेजारणी, मैत्रिणी, कुणालाच सोडलं नाही. राहिली होती ती वहिनी.

"माझ्यात रक्त उरलंय कुठे? तुझ्या भावानं सगळं आटवलंय."

"वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे गं."

"तू दिलंस?"

इतक्या जणींच्या नळ्या हाताळल्या, पण आपला हात पुढे करायचं चिऊला सुचलंच नव्हतं.

"आधी तू दे. मग मी."

दोघी शेजारी शेजारी बसल्या. वहिनीने डोळे मिटून चिऊचा दंड असा आवळला की चिऊला सुईपेक्षा तोच जास्त दुखला.

काही आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी चिऊला बोलावलं. तिने दारातूनच विचारलं, "वहिनीचं काही निघालं का?"

"तिचं ठीक आहे. तुझ्या रक्तात त्या खुणांचं प्रमाण जास्त आलंय. म्हणजे कॅन्सरच आहे असं नाही. ही चाचणी अजून कच्ची आहे, नुसती शंका घेते. पण आजच मॅमोग्राफी करून घे."

चिऊ तडक वहिनीकडे गेली. तेव्हा एक आजोबा गाडी शिकत होते. वहिनीने ऐकून घेतलं, आजोबांना मागे बसवलं, "आज नुसतं बघून शिका," म्हणाली आणि गाडी इस्पितळाकडे वळवली.

वाटाण्याहून लहान गाठ निघाली. तुकडा तपासला, तर कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशनच्या आधी चिऊला रडू कोसळलं.

"वहिनी, मला काही झालं तर?"

"काही होऊ देते की काय! मग तुझ्या भावाची तक्रार मी सांगायची कुणाला?"

रडता रडता चिऊ हसली. वहिनीने मात्र तोंड खिडकीकडे फिरवलं आणि बराच वेळ काही तिकडून वळवलं नाही.

ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. रोज ने-आण वहिनीच करायची. पुढे तपासण्या चालू राहणार होत्या, पण गाठ पूर्ण गेली होती. शेवटचं रेडिएशन घेऊन दोघी घरी आल्या तेव्हा भाऊ दारातच उभा होता. त्याने बहिणीच्या हातातली पिशवी घेतली, बायकोच्याही हातातली घेतली आणि दोन्ही धरून तसाच उभा राहिला.

"अहो," वहिनी म्हणाली, "आत तरी येऊ द्या आम्हाला."