भोक पडलेलं कालव

तहुरा घलटेने अर्जात कालवं लिहिली होती आणि तिला मिळाल्या मुसलमान मुली.

पुण्यातली एक संस्था अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना ऑनलाइन संशोधक गाठून द्यायची. घरी बसून मोठ्या माणसाला प्रश्न विचारायचे, त्याने वाट दाखवायची. मुरुडच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या तहुराला याहून जास्त काही नको होतं. तिच्यापाशी एकच प्रश्न होता. ओहोटीला खडक उघडे पडले की त्यांवरची कितीतरी कालवं मेलेली दिसत आणि त्यांच्या शिंपांना सुईने पाडावं तसं गोल भोक असे. ते कोण पाडतं? कॉलेजातल्या सरांनी प्रांजळपणे सांगितलं होतं, "मला ठाऊक नाही गं. ठाऊक असलेलं माणूस शोध."

म्हणून अर्ज. आणि आता संस्थेच्या दिशा मॅडमचा फोन.

"तहुरा, तुझी निवड झाली. विषय थोडा बदललाय. किनाऱ्यावरच्या मुस्लिम मुलींच्या शिक्षणातल्या अडचणी. मार्गदर्शक फार चांगले आहेत."

"मी कालवं लिहिली होती, मॅडम."

"हो, वाचलं मी. पण तुझ्या समाजावर लिहिणारं दुसरं कोण आहे?"

"आणि कालवांवर?"

दिशा मॅडम हसल्या. मनाने वाईट नव्हत्या. "शनिवारी संध्याकाळी सहाला सगळ्यांची ओळखीची बैठक आहे. तुझा संघर्ष सांग, मोकळेपणाने. त्याच वेळी विषयाला होकार दे, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. आणि एक फोटो पाठव, ओढणी घेतलेला."

ओढणी तहुरा रोजच घ्यायची. पण फोटोसाठी कुणी मागितल्यावर ती तिला डोक्यावर पहिल्यांदाच जड वाटली.

अम्मी मासे साफ करत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मिळतंय ते घे. उद्या कोण विचारणार नाही."

"अम्मी, मला शाळेत कुणी अडवलं? तू? अब्बांनी?"

"नाही."

"मग मी काय लिहू? अडचण ही आहे की मला कालवांबद्दल विचारायचंय आणि लोक मला माझ्याबद्दल विचारतात."

अम्मीने सुरी थांबवली, मुलीकडे नीट पाहिलं आणि पुन्हा खवले काढायला लागली. "शनिवारी चांद पुरा आहे," एवढंच म्हणाली.

तहुराला कळलं. पुनवेला पाणी सगळ्यात लांब हटतं, तेही बरोबर संध्याकाळी सहाच्या सुमाराला. एरवी बुडालेले खालचे खडक पंधरवड्यातून एकदाच असे उघडे पडतात. अम्मी चंद्रावरून सांगायची, शेजारची कृष्णाबाई तिथीवरून. समुद्र दोघींचंही ऐकायचा.

शनिवारी तहुरा बैठकीसाठी घरात बसली नाही. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती खडकांवर गेली. तिथे रेंजही घरापेक्षा बरी होती. कृष्णाबाई आधीच उकिडवी बसून कालवं फोडत होती.

"आज नटून आलीस ती? कोन बघाय येनार हाय?"

"पुण्याचे लोक. फोनवर."

"मंग माझा बी फोटू दे. त्यांना म्हनावं, ही पन गरीब हाय," कृष्णाबाई म्हणाली आणि कालवातलं मांस टोच्याने अलगद डब्यात टाकलं.

बैठक सुरू झाली. पडद्यावर चेहऱ्यांच्या चौकटी जमल्या. एकेक मुलगा, एकेक मुलगी बोलत होती. कुणाचे वडील गेलेले, कुणाला चार मैल चालावं लागलेलं. सगळं खरं होतं. पण आपल्या विषयाबद्दल कुणीच बोललं नाही, कारण तो कुणी विचारलाच नव्हता.

"आता मुरुडहून तहुरा. तुझा प्रवास सांग."

"प्रवास फार नाही, मॅडम. घरापासून खडक जवळ आहेत." तिने कॅमेरा फिरवला. पडद्यावर ओला काळा खडक आला, त्यावर चिकटलेली कालवं आली आणि तिच्या बोटांत धरलेली एक रिकामी शिंप. "हे भोक कोण पाडतं, हे मला शोधायचंय. मेलेली कालवं मोजायला मी खडकावर घरच्या रंगाने चौकोन आखले होते, पण लाटांनी एक सोडून सगळे पुसले. माझी चूक झाली. ती पुन्हा होऊ नये म्हणून मला माणूस हवंय."

"तहुरा, आपण तुझा विषय ठरवलाय ना?"

"तुम्ही ठरवलाय. त्या विषयावर जिला लिहायचंय तिला तो जरूर द्या, चांगला आहे. पण मी मुसलमान आहे म्हणून मी स्वतःचाच विषय व्हायचं, आणि बाकीच्यांनी समुद्र बघायचा, हे मला मान्य नाही. तसंच असेल तर माझं नाव काढा. फोटोसुद्धा."

कृष्णाबाईने टोचा खाली ठेवला. मग एका चौकटीतून जाड चष्म्याच्या वयस्कर बाई पुढे झुकल्या. नेत्रा कर्णिक, मार्गदर्शक, असं खाली लिहिलं होतं.

"भोक बाहेरून रुंद आणि आत अरुंद आहे का गं?"

तहुराने शिंप डोळ्यांजवळ नेली. इतके महिने हाताळूनही हे तिने पाहिलं नव्हतं. "हो. नरसाळ्यासारखं."

"मग गोगलगाय असू शकते. असू शकते म्हणजे आहे असं नाही, हं. माझा विषय समुद्री शेवाळ आहे, मलाही वाचावं लागेल. आणि रंग लावू नकोस. होडीची भेग बुजवायला जे लावतात ना, त्याचे ठिपके कोरड्या खडकावर दे. टिकतील."

"नेत्राताई, तुम्हाला दुसरा विद्यार्थी दिलाय," दिशा मॅडम म्हणाल्या. "आणि हे नियमात बसत नाही."

"दोघे घेईन. नियम तुम्ही बघा, दिशा. मी शिंप बघते."

दिशा मॅडमनी खाली पाहून काहीतरी टिपलं. "बरं. मी वर विचारते. पण भेटी दर शनिवारी सहालाच होतील."

पाणी परत फिरलं होतं. तहुराच्या चपलेखाली पहिली लाट आली. नाव राहील की जाईल, हे अजून तिला कुणी सांगितलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "शनिवारी नाही, मॅडम. अवसेला आणि पुनवेला. खडक तेव्हाच उघडतात."

नेत्राताईंनी मागे वळून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. "अवस कधी आहे, थांब," म्हणाल्या आणि पान उलटू लागल्या.

कृष्णाबाईने डब्याला झाकण लावलं. "गोगलगाय आन् पोटात पाय," ती तहुराकडे बघून म्हणाली. "चल, निघ आता. पानी कुनासाठी थांबत न्हाय."

"थांब गं, एक चौकोन राहिलाय," तहुरा म्हणाली आणि मोजायला खाली वाकली.