दुकान उघडण्याआधीचा अर्धा तास

त्याला सगळे रेडिओ म्हणत. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की न्हाव्याचं तोंड सुरू व्हायचं, ते मानेवरचे केस झटकेपर्यंत बंद व्हायचं नाही. बायको आजारी पडली तेव्हाही त्यात खंड पडला नाही. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून तो दुकानातल्या गमती रंगवून सांगायचा. नर्ससुद्धा कामं सोडून ऐकायच्या. सात महिन्यांनी बायको गेली.

त्यानंतर त्याला घरातली शांतता खायला उठायची. टीव्ही लावूनच तो जेवायचा, टीव्ही लावूनच झोपायचा. मुलगी वैतागून आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची.

एकदा चर्चचे पाळक केस कापायला आले. त्यांनी विचारलं, "प्रार्थना होते का?"

"होते की. तास तास बोलतो प्रभूशी."

"मग त्याला बोलायला कधी मिळतं?"

न्हावी हसला, पाळक हसले नाहीत. जाताना त्यांनी चर्चच्या बाजूच्या दाराची किल्ली त्याच्या हातात दिली. "रोज दुकान उघडण्याआधी अर्धा तास येऊन बसा. एकटेच. मागायचं नाही, गायचं नाही, वाचायचं नाही. त्याच्यासमोर नुसतं गप्प बसायचं."

पहिल्या दिवशी तो चार मिनिटांत उठला. दुसऱ्या दिवशी बाकाचा निघालेला रंग नखाने खरवडत बसला. आठवडाभर डोक्यात गिऱ्हाइकांचीच बडबड चालू होती. मग ती हळूहळू ओसरली, आणि तिच्याखाली दबलेलं वर आलं.

दवाखान्यातली दुपार. बायकोने त्याचं मनगट धरलं होतं. "अहो, ऐका ना," ती म्हणाली होती. "मला ना..."

"थांब, आधी हे ऐक," म्हणून त्याने एका गिऱ्हाइकाच्या केसांच्या टोपाची गोष्ट सुरू केली होती. ती हसली होती. मनगटावरचा हात मात्र सुटला होता. पुन्हा कधी तिने 'ऐका ना' म्हटलं नाही.

त्याच दिवशी तो किल्ली परत द्यायला गेला. "मला देव नाही ऐकू येत. तीच ऐकू येते. हे माझ्याच्याने होणार नाही."

"शांती मिळेल असं मी म्हटलं नव्हतं," पाळक म्हणाले. "किल्ली राहू दे तुमच्याकडे."

तीन दिवस तो गेला नाही. पण आता टीव्ही कितीही मोठा केला तरी ते 'ऐका ना' झाकलं जाईना. चौथ्या दिवशी तो पुन्हा बाकावर जाऊन बसला.

दुकानात त्याचं बोलणं आटलं. काही गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जायला लागली.

एका संध्याकाळी मुलगी भांडी घासत होती. त्याने टीव्ही बंद केला. "तुझी आई शेवटी शेवटी तुला काही म्हणाली होती का गं?"

मुलीने नळ बंद केला. "तिला मरणाची भीती वाटत होती, बाबा. खूप."

"मला नाही बोलली."

"तुम्ही तिला हसवायला इतके धडपडत होता. ती म्हणायची, त्यांचं मन मोडवत नाही. मग ते सगळं मीच ऐकायचे. तेव्हा परीक्षा होती माझी."

त्याच्या ओठांवर सबब आली. तिला धीर यावा म्हणून, तिच्या भल्यासाठी. त्याने ती गिळली.

"तुमचा खूप राग यायचा मला," मुलगी म्हणाली. "अजून येतो." मग ती ओल्या हातांनीच स्टुलावर बसली आणि एकेक सांगत गेली: आईने काय काय विचारलं, आपल्याला काय उत्तर देता आलं नाही, आई कशी तोंडात पदर कोंबून रडायची. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाही बोलला नाही. फार जड गेलं त्याला ते.

मुलीने त्याला माफ केलं, असं नाही. देवानेही अजून काही म्हटलेलं नाही. तो रोज सकाळी जातो, बसतो. कधीकधी अर्धा तास संपता संपत नाही. मुलगी मात्र हल्ली खोलीचं दार उघडं ठेवते. एखाद्या संध्याकाळी आपणहून आईचं काहीतरी सांगते, आणि तो हातातलं काम बाजूला ठेवतो.