फाहूचा शब्द

फेलेती फाटकातून आतच येईना. अंगात संस्थेचं नारिंगी जाकीट, हातात गाडीची किल्ली, आणि नजर कुठेतरी रस्त्यावर. आम्ही मागच्या अंगणात डुक्कर भाजत होतो, घामाघूम झालो होतो. मी ओरडलो, "अरे गटारवाल्या, हात धुऊन ये, कंद सोलायचेत." एरवी दोन शिव्या हासडून आला असता. आज हसलाही नाही.

आमचे मोसेसेकाका हृदयविकारानं गेले होते. संध्याकाळी त्यांना घरी आणायचं, मग गाणी, प्रार्थना, आणि येईल त्यानं वाकून त्यांच्या कपाळाचा मुका घ्यायचा. न घेणं म्हणजे मयताचा अपमान. टोंगा बेटांवरून येऊन शहराच्या मांगेरे उपनगरात राहिलेल्या आम्हा टोंगन माणसांना हे सांगावं लागत नाही. फेलेती नि मी पुतणे, म्हणजे आमची जागा चुलीपाशी. सगळ्यांच्या वर फाहूचा मान, आणि तो काकांच्या थोरल्या बहिणीचा, आमच्या लोसालिनेआत्याचा. ती उशाशी बसणार आणि ती म्हणेल ते होणार. पाद्रीसुद्धा तिच्यापुढे तोंड उघडत नाही.

फेलेती एका जीवशास्त्र संशोधन संस्थेत नमुने गोळा करायचा. आधी खाडीतल्या शिंपल्यांचे. साथ आली, देशाची दारं बंद झाली, तशी तिथल्या शिंपलेवाल्या शास्त्रज्ञांनी शहराच्या सांडपाण्यात विषाणू शोधायला घेतला. माणूस खोकायच्या आधी त्याचा संडास चहाडी करतो, असं फेलेती जेवताना सांगायचा आणि बायका त्याला गप्प करायच्या. पंपघराच्या पाण्यात विषाणू दिसला की उलट्या दिशेनं वर सरकायचं, एकेका रस्त्यावरचं गटाराचं झाकण उघडून बाटली भरायची, असं करत करत आजारी घराजवळ पोचायचं, ही त्यांची पद्धत. कित्येक महिने शहरात रुग्ण नव्हता, लोक मुखपट्टी विसरले होते. त्या आठवड्यात आमच्या बाजूच्या पंपघरात तो सापडला. फेलेती झाकणं उघडत वर सरकत गेला, आणि शेवटची बाटली त्यानं काकांच्याच रस्त्यावर भरली.

दुपारी संस्थेच्या डॉक्टर आयोनानं त्याला बोलावून घेतलं. बाई इतकी जागलेली, की बोलताना भिंतीला टेकून उभी होती. निकाल स्पष्ट होता: विषाणू त्याच रस्त्यावर आहे. पण आरोग्य खातं पुन्हा तपासून उद्या जाहीर करणार, तोवर कुणीही चकार शब्द काढायचा नाही. फेलेतीनं मयताचं सांगितलं. तिनं त्याच्यासमोरच खात्याला फोन लावला, विनवण्या केल्या, शेवटी भांडलीसुद्धा. पलीकडून एकच उत्तर, उद्या. त्यालाही कारण होतं. मागच्या खेपेला एका घराचं नाव आधीच फुटलं, आणि लोकांनी त्या घरच्यांना दुकानात उभं केलं नाही. मग भीतीनं कितीतरी माणसं तपासणीलाच येईनात.

फोन ठेवून ती म्हणाली, "तुला बोल असं मी म्हणू शकत नाही, फेलेती. आणि गप्प बस म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं. त्या वेळी मला दिसलं ते एवढंच, की तो चुलीकडे न येता पुढच्या दाराला गेला आणि उंबऱ्याबाहेर मान खाली घालून फाहूसमोर बसला. भाच्यानं आपणहून तिच्याशी बोलायला जाणं हाच मुळात आगाऊपणा. हा काहीतरी खुळेपणा करणार म्हणून मी हातातला चिमटा तसाच घेऊन मागोमाग गेलो.

"आत्या, काकांना घरात घेऊ नका. अंगणात ठेवा. लोकांनी लांबून बघावं आणि घरी जावं. मुका नको, गाणी नकोत."

"का?"

"ते विचारू नका."

आत्यानं त्याच्या नारिंगी जाकिटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "जा, दोरी घेऊन ये."

आम्ही अंगणात दोरी बांधली. काकांना आणलं, दोरीपलीकडे ठेवलं. आत्या उशाशी बसली नाही. फाटकापाशी खुर्ची टाकून बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगत राहिली, म्हणजे बोल लागायचा तो तिलाच लागावा. चर्चची गाणारी मंडळी बस भरून आली होती, ती तशीच परत गेली. म्हातारे रस्त्यावरून रडले. आमचा भाजलेला डुक्कर पानांत बांधून घरोघर पाठवला.

फाहूला उलटून कुणी बोलत नाही. पण काकूची बहीण आनासेइनी बोलली. "जन्मभर वृद्धाश्रमात गोऱ्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्यास, आता तूही पुरती गोरी झालीस."

"झाले असेन," आत्या म्हणाली. "दोरीच्या मागे उभी राहा."

फेलेती चुलीपाशी खाली बघून राख ओढत होता. त्याच्या जागी मी असतो तर किंचाळून सगळ्यांना सांगून टाकलं असतं.

शेवटी शवपेटी बंद करायची वेळ आली. सगळे आत्याकडे बघायला लागले. आता निदान ही तरी जाईल, तिला कोण अडवणार? ती खुर्चीवरून उठली, दोरीपर्यंत गेली, मान लववली आणि मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना कारण कळलं. त्याच रस्त्यावर दोन घरं आजारी निघाली; मयताला आलेल्यांपैकी मात्र पुढेही कुणाला लागण झाली नाही. आनासेइनी ठेवणीतली चटई घेऊन फाहूच्या दारी माफी मागायला गेली. पण ते दुसऱ्या दिवशी.

त्या संध्याकाळी आम्हीच आत्याला घरी सोडायला निघालो. काचा खाली, फेलेती गाडी चालवत होता, मी मागे पातेली धरून बसलो होतो.

"लहानपणी मी मोसेसेला कडेवर घेऊन हिंडायचे," आत्या म्हणाली. "मग त्याला मिसरूड फुटली आणि आमचं एका खोलीत बसणं बंद झालं. बहीण-भावाची रीतच ती. त्याला परत जवळ घ्यायचं ते एकदाच, आजच्या दिवशी. मी मनात धरून होते."

फेलेतीला रडू फुटलं. त्यानं गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली.

"चालव," ती म्हणाली. "सकाळी तुला बाटल्या भरायच्यात."

तिच्या दारात गाडी थांबली. दिवा लागला, कुत्रं भुंकून गप्प झालं. ती उतरली नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसून राहिली, आणि आम्हीही बसून राहिलो.