थंड उजेडाचं भुयार

बाहेर वैशाखाचं ऊन अंग भाजत होतं आणि देवळाखालच्या भुयारात शिरायला माणसं एकमेकांना रेटत होती. आत मिट्ट काळोख. बराच वेळ भजन चाले. मग शीतळनाथ महाराज चिमटा खणखणवत आणि ओरडत, "देवी आई, ये!" लगेच समोरची भिंत पांढऱ्या उजेडानं भरून जाई. दिवा नाही, तेल नाही, धूर नाही.

"हात लावा रे भिताडाला!" महाराज गर्जत. "सूर्याचा उजेड भाजतो, दिव्याचा उजेड भाजतो. कावून? ते आगीच्या पोटचे. ह्यो आईच्या पोटचा हाय! इतक्या उजेडासाठी शंभर दिवे लावाल, तर वांग्यावाणी भाजून निघाल!"

"लई गार हाय बे!" भिंतीला हात लावणारा मागच्याला सांगे, आणि भुयारभर जयजयकार होई.

दिंद्रुडजवळचं हे गाव. तिथले देशमुख सुंदरराव महाराजांचे पहिले भक्त. चैत्रात त्यांचा नातू तापानं फणफणला, तेव्हा महाराजांनी दवापाणी बंद करवलं आणि रोज अंगारा चाटवला. पोर गेलं. गावात कुजबूज सुरू झाली. महाराजांना दोष ठेवायला दुसरं कुणीतरी हवं होतं.

त्यांनी पोराच्या आईला, बायनाबाईला, भिंतीपुढं बसवलं. चिमटा वाजला. उजेड विझला.

"पोर हिनंच खाल्लं!" महाराज म्हणाले. "आईनं डोळे मिटले. हिच्यापुढं आई डोळे उघडत न्हाई तवर हिला हितंच कोंडा."

तिचा नवरा शहादेव बाप सुंदररावांच्या मागोमाग पायऱ्या चढून गेला. दाराला कुलूप लागलं; ते फक्त दर्शनापुरतं उघडे. किल्ली सुंदररावांच्या कमरेला.

सुरुवातीला बायनाबाईला ते खरंच वाटलं. लेकराच्या ओठांवरची राख आठवली की ती स्वतःचेच केस ओढी. दर्शनाला येणाऱ्या बाया तिच्यापासून पदर सावरून उभ्या राहत. चार माणसं जमली की चिमटा वाजे आणि तिच्यापुढचा उजेड जाई.

पण एकटी असताना तो जात नसे. सकाळी ती अगदी भिंतीला टेकून बसली, तरी आई डोळे मिटत नव्हती. एकदा वरून पारवा घुमल्याचा आवाज आला आणि उजेडातून एक पीस तरंगत खाली पडलं. संध्याकाळी उजेड आपसूक मावळला. बायनाबाई अंधारात विचार करत राहिली: आईला सांज कशाला लागती?

दुसऱ्या दिवशी ती दर्शनाच्या बायांना म्हणाली, "अगं, वर भोक हाय! ह्यो बाहेरचा उजेड हाय!"

"भूत बोलतंय," एक बाई म्हणाली, आणि सगळ्या मागं सरकल्या.

तिथून पुढं ती जे बोले ते भुताचं, आणि गप्प बसली तर तेही भुताचंच. तिच्या तोंडालाही कुलूप लागलं.

तिचा भाऊ बद्रीनाथ हैदराबादेत शिकून बीडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर झालेला. उशिरा कळलं, तसा तो गर्दीत मिसळून आत आला. तिनं आरडाओरडा केला नाही. हळूच म्हणाली, "दादा, मी येडी न्हाई. ही देवी सांज झाली की जाती. हिच्यातून पारव्याचं पीस पडतं. वर जाऊन बघ."

बद्रीनाथ देवळाच्या छतावर चढला. उत्तरेच्या बाजूला, शिखराआड, आतून चुना फासलेला एक धारा होता, म्हणजे छताला पाडलेला झरोका, थेट भुयारात उतरणारा. जवळ महाराजांचा चेला आश्रुबा, चिमटा वाजला की धारा झाकायला-उघडायला, घोंगडी घेऊन बसलेला. डॉक्टरला बघताच तो घोंगडी टाकून पळाला.

खाली सुंदरराव भिंतीपुढं हात जोडून बसले होते. चिमटा वाजला नव्हता, तरी उजेड अचानक विझला. धाऱ्यातून बद्रीनाथचा आवाज उतरला, "देशमुख, समोर तुमी बसलेत. आता सांगा, पोर कुणी खाल्लं?"

सुंदररावांचे जोडलेले हात सुटले.

मग बद्रीनाथनं घोंगडी काढली आणि आपल्या पिशवीतल्या आरशानं ऊन आत सोडलं. भिंतीला टेकलेले हात चटकन मागं आले.

"देवी तापली न्हाई," वरून तो म्हणाला. "आता निव्वळ ऊन आलंय. आधी उत्तरेच्या आभाळाचा उजेड येत होता. दिव्यात उजेड थोडा, उष्णताच फार. आभाळाच्या उजेडात उष्णता कमी अन् उजेड जास्त. चुन्यावरून तो खाली उतरतो, दगड गारच राहतो. अन् भजनभर अंधारात बसवल्यानं तुमच्या डोळ्यांना तेवढाही लखलखीत वाटतो. एवढीच हिची माया!"

महाराज जिन्याकडं सरकले. लोकांनी त्यांचीच वाट अडवली आणि चौकीवर नेलं. सुंदररावांनी कमरेची किल्ली काढून बायनाबाईच्या पायाशी ठेवली.

बायनाबाई बाहेर आली तर उन्हानं तिला दिसेना. शहादेवनं हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. चाचपडत, एकटीच पायऱ्या चढली आणि भावाच्या गाडीत बसली. ती सासरी परत गेली नाही.

लोकहो, हा थंड उजेड कुणा बुवाचा नाही. घराच्या उत्तर भिंतीला उंचावर झरोका पाडा, आतून चुना लावा, भर उन्हाळ्यात तो तुमच्या माजघरात फुकट येईल. तापाला औषध द्या, राख नको. आणि कोंडलेली बाई काही सांगत असेल तर ऐका. बायनाबाईनं खरं काय ते केव्हाच सांगितलं होतं. ते खरं ठरायला तिच्या भावानं डॉक्टर असायची काहीएक गरज नव्हती.